लग्न थांबवल्यानंतरचं काम

प्रश्न असा आला आहे: "एमएसडब्ल्यू झालंय. मराठवाड्यातल्या एका जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ती म्हणून रुजू होतेय. बालविवाहाच्या केसेस जास्त असतात असं ऐकलं. फोन आल्यापासून नेमकं काय करायचं? आणि या नोकरीत समाजसेवा किती, कागदं किती?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. या कामात मुलीचं रक्षण बऱ्याचदा कागदच करतो. तुम्ही मांडवात जाऊन कितीही कळकळीने बोललात तरी तुम्ही गावातून निघाल्यावर तिच्या बाजूने मागे उरतो तो नीट लिहिलेला पंचनामा, वयाचा पुरावा आणि बाल कल्याण समितीचा (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय देणाऱ्या समितीचा) आदेश. मुलीला शिक्षण, सुरक्षितता आणि अठरापर्यंतचं बालपण मिळणं हे कायद्याने तिचं येणं आहे आणि ते पोचवण्यासाठी आपल्याला पगार मिळतो. ही जाणीव असली की माणूस मांडवात उगाच भाषण देत नाही आणि कागद लिहायचा कंटाळाही करत नाही.

काम किती मोठं आहे तेही माहीत असू द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. परभणीत हा आकडा ४८ टक्के, तर बीडमध्ये ४४ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे तुमच्यापर्यंत फोन येतो तो फार थोड्या लग्नांचा.

आता फोन. तो १०९८ या बाल मदत क्रमांकावरून येईल, ११२ या आपत्कालीन क्रमांकावरून येईल, कधी थेट तुमच्या मोबाईलवर येईल. फोन करणारी मुलीची मैत्रीण असते, शिक्षक असतात, आणि पुष्कळदा स्वतः मुलगीच असते. पहिल्या दोन मिनिटांत गाव, तालुका, वाडी किंवा वस्तीचं नाव, मुलीचं नाव, शाळा आणि इयत्ता, हळद कधी, लग्नाची वेळ आणि जागा एवढं लिहून घ्या. एका तालुक्यात एकाच नावाची दोन गावं असतात, म्हणून जवळचं मोठं गाव विचाराच. फोन करणाऱ्याचं नाव तुमच्या वहीपलीकडे कुठेही जाता कामा नये. गावात पाऊल टाकताच पहिला प्रश्न हाच येतो: "कळवलं कुणी?" त्यावर "कार्यालयाला माहिती मिळाली" एवढंच बोला, आणि मुलीने स्वतः फोन केला असेल तर तिच्याशी तुमची आधी ओळख आहे असं चुकूनही दिसू देऊ नका.

निघण्याआधी वयाचा पुरावा हातात घ्या. ही पायरी गाळली की सगळी केस डळमळते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. मुख्याध्यापकांकडून बोनाफाईड आणि प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा घ्या. लग्न रविवारी असेल तर शाळा बंद असते, तेव्हा केंद्रप्रमुखांना फोन करा आणि मुख्याध्यापकांना शाळा उघडायला लावा. तेही जमलं नाही तर रजिस्टरच्या पानाचा फोटो तात्पुरता घेऊन मूळ उतारा दुसऱ्या दिवशी आणायचा. कुटुंबाकडून बहुतेक वेळा आधार कार्ड पुढे केलं जातं आणि त्यावरची तारीख नुकतीच बदललेली असते. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे शांतपणे सांगा. दुसरा नेहमीचा वाद १ जूनचा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गुरुजींनी पहिलीत नाव घालताना अंदाजाने १ जून लिहिलेली आहे. "ती तारीख खरी नाही, पोरगी मोठी आहे," असं वडील म्हणतात. तसं असेल तर जन्मदाखला त्यांनी समितीपुढे आणावा. मांडवात त्या वादात पडू नका, तोवर शाळेची नोंद धरूनच चालायचं.

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ खाली ग्रामीण भागात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्य करते आणि शहरात ही जबाबदारी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे असते. म्हणजे मांडवात अधिकार त्यांचा आहे, तुम्ही त्यांच्या पाठीशी आहात. अडचण अशी की ग्रामसेवकाला त्याच गावात रोज करवसुली करायची असते आणि सेविका तर त्याच गल्लीत राहते. त्यांनी पुढे व्हावं असं वाटत असेल तर पोलीस ठाण्याला लेखी कळवून निदान एक अंमलदार सोबत घ्या आणि बोलण्याचा वाईटपणा स्वतःकडे घ्या. सेविकेला सगळ्यांसमोर "ताई, तुम्ही आम्हाला सांगितलं होतं ना" असं म्हणणं म्हणजे तिचं गावातलं जगणं अवघड करून ठेवणं. पुढच्या वेळी ती फोन करणार नाही.

मांडवात पोचल्यावर सगळ्यात आधी मुलीला गर्दीतून बाजूला घ्या. महिला कर्मचारी, एक खोली, दार लोटलेलं, आई-मावशी बाहेर. आपण कोण ते सांगा, तिला कुणी पकडायला आलेलं नाही हे सांगा, पाणी द्या. "तुला लग्न करायचं आहे का?" हा प्रश्न विचारू नका. घरच्यांच्या भीतीने ती "हो" म्हणते आणि तो "हो" जबाबात चढतो. त्याऐवजी शाळेत शेवटची कधी गेलीस, लग्नाचं कुणी आणि कधी सांगितलं, मुलाला पाहिलंस का, घरी कुणी मारतं का, आज आम्ही गेल्यावर तुला कशाची भीती वाटते, असं विचारा. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर तिला रात्री घरी ठेवायचं की नाही हे ठरतं. बोलताना लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर तिथेच थांबा. खोदून विचारू नका, तिच्या शब्दांत जेवढं आलं तेवढंच लिहा, पोलिसांना कळवा. पॉक्सो कायद्याच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे आणि पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचं असतं. पुढचा जबाब शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय, मुलीला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो. पुरावा जाऊ नये म्हणून कपडे धुतले जाणार नाहीत एवढं बघा. तीच हकिकत चार जणांना चार वेळा सांगायला लागली की तपशील थोडेथोडे बदलतात आणि उलटतपासणीत मुलगीच खोटी ठरवली जाते.

हमीपत्राबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण बहुतेक फाईली तिथेच कच्च्या राहतात. नेहमीचं हमीपत्र असं असतं: "मी माझ्या मुलीचे लग्न वय पूर्ण झाल्याशिवाय करणार नाही." खाली वडिलांची सही. या कागदाचा उपयोग जवळजवळ शून्य. हमीपत्रात मुलीची पुराव्यानुसार जन्मतारीख हवी, ती अठरा कधी पूर्ण करते तो दिनांक हवा, ती कोणत्या शाळेत कोणत्या तारखेपासून परत जाईल ते हवं, ती दुसऱ्या गावी राहायला गेल्यास कुणाला कळवायचं ते हवं. सह्या आई-वडील दोघांच्या, आणि मुलाच्या व त्याच्या आई-वडिलांच्याही. मुलाकडच्यांना सोडून दिलं की आठवड्याभरात लग्न त्यांच्या गावी, देवळात, पहाटे लागतं. साक्षीदार म्हणून पोलीस पाटील आणि सरपंच. मुलाचं वय २१ च्या आत आहे का तेही बघा, त्याचा दाखलाही फाईलला जोडा. आणि हे स्पष्ट ठेवा की हमीपत्र हा समजुतीचा कागद आहे, त्याला कोर्टाच्या हुकमाचं बळ नाही.

ते बळ बालविवाह प्रतिबंध अधिनियमाच्या कलम १३ च्या मनाई हुकमात आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून लग्नावर मनाई आणता येते, निकड असेल तर दुसऱ्या बाजूचं न ऐकता अंतरिम हुकूमही मिळतो. तो मोडून लावलेलं लग्न कलम १४ प्रमाणे मुळातच रद्दबातल ठरतं. एरवी बालविवाह सहसा आपोआप रद्द होत नाही, हे पुष्कळ अधिकाऱ्यांनाही ठाऊक नसतं. घरचे टाळाटाळ करताहेत, मुलाकडचे गायब आहेत, तारीख पुढे ढकलण्याची भाषा चालली आहे, अशी शंका आली की मनाई हुकमासाठी अर्ज कराच. हे हत्यार आपल्याकडे फार कमी वापरलं जातं, कारण कोर्टात जायला कुणाला वेळ नसतो. अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी सामुदायिक बालविवाह रोखण्यासाठी कलेक्टर स्वतःच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी मानले जातात. महिनाभर आधी त्यांच्या सहीचं पत्र मंगल कार्यालयं, मांडववाले, आचारी, बँडवाले आणि भटजींना गेलं की फोन वाढतात. लग्न लावणारा आणि त्याला हातभार लावणारा, दोघांनाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लग्न लावू देणारे किंवा त्याला उत्तेजन देणारे म्हणून स्त्रियांना मात्र कैद देता येत नाही.

फोटोचं एक कळवळून सांगते. लग्न थांबलं की कुणीतरी मोबाईल काढतो. मधोमध हळदीच्या अंगाने मान खाली घातलेली मुलगी, बाजूला पोलीस, ग्रामसेवक, आपण. तो फोटो तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, तिथून पेपरात, चेहरा धूसर केला तरी गावाचं नाव आणि वडिलांचं आडनाव खाली असतंच. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरिष्ठ "जिओ टॅगचा फोटो टाका" म्हणाले तर दाराचा टाका, पंचनाम्याच्या पहिल्या ओळीचा टाका. मुलीचा नाही.

लग्नाच्या तोंडावर असलेली मुलगी ही कायद्याने 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' आहे. म्हणून तिला समितीपुढे हजर करायचंच. ताब्यात घेतल्यास प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही नेता येतं. "हमीपत्र घेतलं, विषय संपला" असं म्हणून समितीला टाळणं ही आपल्या खात्यातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे, कारण समितीचा आदेश नसेल तर पाठपुराव्याला तुम्हाला त्या घरात जायचा आधारच राहत नाही. मात्र हजर करणं म्हणजे बालगृहात टाकणं असं समजू नका. संस्था हा शेवटचा पर्याय आहे. घरात मारहाण आहे, मुलगी परत जायला घाबरते, किंवा घरचे आजच रात्री तिला पळवून लग्न लावतील असं दिसतं, तेव्हाच बालगृह. नाहीतर फोन करणाऱ्या मुलीला शिक्षा झाल्यासारखं होतं आणि तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुली ते बघत असतात.

गृहचौकशी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. त्यात "कुटुंबाची आर्थिक परिस्थिती हलाखीची आहे" हे वाक्य लिहून भागवू नका. लग्न का ठरलं ते लिहा. बीड, परभणी, जालन्याच्या पट्ट्यात कारण बऱ्याचदा दिवाळीच्या सुमाराला सापडतं. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, पाच-सहा महिने कारखान्यावर. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला मागे आजीपाशी ठेवायची भीती, सोबत नेलं तर फडात कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, ना दार ना आडोसा. गावातली शाळा सातवी-आठवीपर्यंत, पुढची सहा किलोमीटरवर. आणि मुलगी जितकी शिकेल आणि थांबेल तितका हुंडा वाढणार, हा हिशोब. शिवाय नवं जोडपं म्हणजे आणखी एक कोयता. या आईबापाला "कायदा आहे" एवढंच सांगितलं तर तो मान हलवतो आणि लग्न दुसऱ्या गावी लावतो, कारण त्याच्या मुलीने नोव्हेंबर ते मार्च झोपायचं कुठे हा प्रश्न तुम्ही सोडवलेलाच नसतो.

म्हणून अहवालाच्या शेवटी शिफारस नेमकी हवी. हंगामी वसतिगृह किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीचं संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह, नाहीतर मुलींचं निवासी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय. कोणत्या तारखेला प्रवेश, कोण नेऊन सोडणार. येण्याजाण्याचा प्रश्न असेल तर पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास आहे, काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आहेत. पण बस शाळा सुटायच्या वेळी येते का ते आगाराला विचारून खात्री करा. अंधारात स्टँडवर थांबावं लागलं की मुलगी आठवड्यात शाळा सोडते. वडील वारलेले असतील, आई एकटी असेल किंवा पालकांना गंभीर आजार असेल तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचे दरमहा २,२५० रुपये. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या प्रायोजकत्वात दरमहा ४,००० रुपये मिळतात, पण एका बालकाला दोन्ही नाहीत. बालसंगोपनाचे प्रस्ताव अडतात ते किरकोळ कारणांनी: मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नाही, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते, बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं. गृहभेटीला जाताना हे तिथेच तपासलं तर आईच्या तहसीलच्या चार चकरा वाचतात, म्हणजे तिची चार दिवसांची मजुरी. लेक लाडकी योजनेचं गाजर मात्र दाखवू नका. ती १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे, आज पंधरा वर्षांच्या मुलीला तिचा काही उपयोग नाही.

पोचेपर्यंत लग्न लागलेलं असेल तर काम संपत नाही, अवघड होतं. अल्पवयीन पक्षकाराला ते लग्न जिल्हा न्यायालयातून रद्द करून घेता येतं, मुलीला वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत. निर्वाह आणि निवाऱ्याचा हुकूमही बालविवाह प्रतिबंध अधिनियमातच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर अठराखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कार आहे, आणि पॉक्सो लागतो. परिणामी गरोदर अल्पवयीन मुली दवाखान्यात यायला घाबरतात, घरीच बाळंत व्हायचं ठरवतात आणि त्यात जीव जातात. इथे माझं मत ठाम आहे: आधी दवाखाना, मग बाकी सगळं. मुलीला गर्भ ठेवायचा नसेल तर अल्पवयीन म्हणून २४ आठवड्यांपर्यंत कायद्याची वाट आहे, त्यामुळे एकेक आठवडा मोलाचा. गर्भपाताच्या बाबतीत मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांना पोलिसांकडे तिची ओळख उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं आहे. तालुक्याच्या डॉक्टरांना हा निकाल बहुधा माहीत नसतो, त्याची प्रत बरोबर ठेवा.

दबाव येणारच. "मॅडम, आपल्यातलंच आहे, पत्रिका वाटून झाल्यात, जेवणावळ वाया जाईल, मिटवून घ्या." फोन पुढाऱ्याचा असतो, कधी आपल्याच कार्यालयातून असतो, आणि आपल्या नोकऱ्या कंत्राटी. वाद घालू नका. "साहेब, समितीला कळवून झालंय, आता माझ्या हातात नाही," असं म्हणा, आणि ते खरं असावं म्हणून निघतानाच समितीला ईमेल करा. आलेला फोन, वेळ, बोलणं दैनंदिनीत लिहा. लेखी नोंद असलेल्या माणसावर दबाव टाकणारे लवकर थांबतात. जेवण तयार असेल तर ते लोकांना वाढू द्या. अन्न फेकायला लावलंत तर गाव वर्षभर तुमच्याशी बोलणार नाही.

पाठपुरावा हा खरा गाभा. थांबवलेली लग्नं गुपचूप लागतात ती पहिल्या दोन आठवड्यांत, मग पुढच्या मुहूर्तांत, मग कारखाना सुरू व्हायच्या आधी. त्यामुळे पहिली भेट आठवड्याच्या आत, तीही न कळवता. नंतर महिन्याला एकदा, आणि प्रत्येक भेटीत मुलीशी एकटीशी पाच मिनिटं. दर सोमवारी वर्गशिक्षकांना एक फोन: आली का? सलग तीन दिवस गैरहजर म्हणजे त्याच दिवशी घर गाठायचं. "मामाकडे गेलीय" हे उत्तर ऐकलं की मामाचं गाव, तालुका, फोन विचारा आणि तिथल्या पोलीस ठाण्याला आणि ग्रामसेवकाला लगेच कळवा. दुसरा जिल्हा असेल तर तिथल्या बाल संरक्षण कक्षाला ईमेल, आणि पाठोपाठ फोन, कारण नुसता ईमेल कुणी उघडत नाही. सतरा वर्षं दहा महिन्यांच्या मुलीला दोन-तीन भेटी आणि एखाद्या कोर्सचा प्रवेश पुरतो. चौदाच्या मुलीसाठी चार वर्षांचा आराखडा लागतो. दोघींना एकाच साच्यात बसवून "तीन भेटी पूर्ण, फाईल बंद" असं करू नका.

फाईल बंद कधी करायची? मुलीच्या अठराव्या वाढदिवसानंतर एक भेट देऊन, ती कुठे आहे, काय करते, हे लिहून, आणि समितीचा तसा आदेश घेऊन. तोवर उघडी ठेवा. तुमची बदली झाली किंवा करार संपला तर उघड्या फाईलींची एक यादी करा: मुलीची जन्मतारीख, अठरा पूर्ण होण्याची तारीख, शाळा, वर्गशिक्षकांचा नंबर, शेवटची भेट, पुढची भेट, आणि कुठल्या नातेवाइकाच्या गावी नेण्याचा धोका आहे ते. नव्याने येणाऱ्याच्या हातात ती द्या, पोच घ्या, एक प्रत समितीला द्या. रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी तुम्हीही हीच यादी मागा. नसेल तर गेल्या दोन वर्षांतली हमीपत्रं काढा, ज्या मुली अजून अठराच्या झालेल्या नाहीत त्यांची नावं वेगळी करा, आणि पहिला आठवडा त्यांच्या शाळांना फोन करण्यात घालवा.